घास नाकारणे हा हट्ट नव्हे

मेंदूस इजा झालेला रुग्ण घास नाकारतो, तेव्हा आप्तांस तो हट्ट वाटतो; हा समज अन्यायाचा आहे. १९५१ साली आनंद व ब्रोबेक या शास्त्रज्ञांना असे आढळले की, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या बाहेरील भागास दोन्ही बाजूंनी इजा केल्यास उंदीर अन्न सोडतो. १९५४ साली टाइटेलबॉम व स्टेलर यांनी अशा उंदरांना नळीने पोसून, रुचकर अन्न पुढे ठेवीत, पुन्हा खाण्यास प्रवृत्त केले. मनुष्याच्या बाबतीत गंधज्ञान हरपणे, घास अडकण्याची भीती हीही कारणे संभवतात. म्हणून प्रथम गिळण्याची तपासणी व्हावी. मग चमच्याचमच्याने सराव व प्रत्येक घासाचे कौतुक. सक्ती मात्र नको. नळी प्राण राखते. खाण्याची सवय पुन्हा लावणे हाही उपचारच होय.