नऊ धावांची हळहळ पुरे!

क्रिकेटच्या गप्पा रंगल्या, मग त्या वाशिमच्या चहाच्या टपरीवर असोत की लग्नाच्या मांडवात, कोणीतरी तो प्रश्न टाकतोच. चारशेच्या वर धावा करूनही एकसुद्धा कसोटी न खेळलेला भारतीय कोण? उत्तर, भाऊसाहेब निंबाळकर. मग ती ठरलेली गोष्ट येते. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा १९३० सालचा नाबाद ४५२ चा विक्रम नऊ धावांवर. आणि मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून संघासकट चालते झाले! सगळे एकदा "अरेरे" म्हणतात, चहा संपतो, विषय संपतो.

मला या "अरेरे"चा मनापासून कंटाळा आलाय. आणि थोडा रागही.

ज्या माणसाने १९३९-४० ते १९६४-६५ अशी २५ वर्षं प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलं, बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा संघांकडून खेळलं, नागपूरच्या सी. के. नायडूंच्या हाताखाली खेळलं, ४७.९३ च्या सरासरीने ४८४१ धावा आणि १२ शतकं काढली, त्याचं अख्खं आयुष्य आपण एका रुसलेल्या राजेसाहेबांच्या गोष्टीत कोंबून टाकलं. म्हणजे गोष्टीचा नायक कोण? तर जो मैदान सोडून गेला तो! ही कुठली रीत, सांगा बरं.

खरी चोरी त्या नऊ धावांची नाहीच मुळी. ती आधीच होऊन गेली होती.

जरा हिशेब मांडू. भाऊसाहेबांचा जन्म कोल्हापूरचा, १२ डिसेंबर १९१९. भारताने ऑगस्ट १९३६ मध्ये ओव्हलवर कसोटी खेळली आणि त्यानंतरची थेट जून १९४६ मध्ये, लॉर्ड्सवर. मधली जवळजवळ दहा वर्षं कोरी. त्यातली बहुतेक दुसऱ्या महायुद्धाने गिळली. म्हणजे वयाची वीस ते सव्वीस ही फलंदाजाच्या बहराची वर्षं भाऊसाहेबांनी अशा काळात घालवली की ज्यात कसोटी नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. रणजी मात्र युद्धातही थांबली नाही. तिकडे इंग्लंडची काउंटी स्पर्धा बंद, ऑस्ट्रेलियाची शेफील्ड शील्ड बंद, आणि इथे आपली मंडळी दर हंगामात खेळत होती. त्या धावांना आज विचारतो कोण?

आता दुसरा एक माणूस घ्या. कीथ मिलर. जन्म २८ नोव्हेंबर १९१९, म्हणजे भाऊसाहेबांपेक्षा फक्त चौदा दिवसांनी मोठा. हा गडी क्रिकेट तर खेळायचाच, शिवाय ऑस्ट्रेलियाचं ते त्यांचं स्वतःचं फुटबॉल (लंबगोल चेंडू, हातही चालतात आणि पायही) सेंट किल्डा क्लबकडून युद्धाच्या दिवसांत खेळला. मग वैमानिक होऊन मॉस्किटो विमानं उडवली. युद्ध संपताच सैनिकांच्या संघातून १९४५ च्या अखेरीस भारतातही खेळून गेला. पुढे ५५ कसोट्या. मेलबर्नच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की युद्धाने त्याची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. रास्तच आहे. मिलरने जीव धोक्यात घातला होता, त्याची बरोबरी मी करत नाहीये. पण कॅलेंडर दोघांचंही तेच होतं ना? मग आपल्या माणसाबद्दल बोलताना आपण युद्धाचा उल्लेखसुद्धा का करत नाही? की महायुद्ध फक्त गोऱ्यांच्याच आयुष्यात झालं होतं?

"पण युद्धानंतर कसोट्या झाल्याच की! तेव्हा का नाही घेतलं?" असं आमच्या घरातले जाणकार विचारतीलच. विचारा. उलट हा प्रश्न फारच बोचरा आहे, कारण ते ४४३ निघाले तेव्हा वेस्ट इंडीजचा संघ भारतातच होता. मुंबईची दुसरी कसोटी नुकतीच आटोपली होती, कलकत्त्याची तिसरी ३१ डिसेंबरला सुरू व्हायची होती. तरी बोलावणं आलं नाही. काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती हे मान्य. हजारे, रुसी मोदी, अमरनाथ, फडकर अशी रांग पुढे होती हेही मान्य. पण ही रांग एवढी लांब झाली कशाने? दहा वर्षांचे खेळाडू एकाच दारात येऊन थांबले म्हणून! खुद्द विजय हजारे पहिली कसोटी खेळले तेव्हा एकतीस वर्षांचे होते. ज्याला दारात जागा मिळाली तो मोठा, ज्याला नाही मिळाली तो प्रश्नमंजूषेत. असली कसली ही मोजपट्टी?

माझा मुद्दा एवढाच की कसोटीची टोपी हा गुणवत्तेचा पुरावा असू शकतो, पण ती नसणं हा काही गुन्ह्याचा पुरावा नव्हे. हे आपल्या वऱ्हाडातल्या लोकांना तरी वेगळं सांगायला नको. २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली, त्या हंगामात यश राठोडने ९६० धावा काढल्या. त्या धावा खऱ्या की टोपी मिळेपर्यंत उधारीच्या? अमोल मुझुमदारने प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, कसोटी एकही नाही. आणि २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. त्याला खेळ कळत नव्हता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

भाऊसाहेब ११ डिसेंबर २०१२ ला गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आणि हो, तो प्रश्नसुद्धा आता "भारतीय" शब्द घातल्याशिवाय चालत नाही. २०२२ मध्ये इंग्लंडच्या सॅम नॉर्थईस्टने नाबाद ४१० केल्या आणि तोही तोवर कसोटी खेळलेला नव्हता. तेव्हा पुढच्या वेळी कोणी तो प्रश्न टाकला की उत्तर जरूर द्या, पण "अरेरे" म्हणू नका. "तो माणूस २५ वर्षं खेळला, आणि त्यातली सहा वर्षं युद्धाची होती" एवढं म्हणा.

नऊ धावा राहू द्या बाजूला. आधी त्या ४८४१ मोजा.