गणिताला कसला आला इतिहास?

आपल्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी शिक्षकीचे शिक्षण घेऊ लागते. अमुक विषय पूर्वी शाळांतून कसा शिकवीत, याचाही अभ्यास त्यात निघतो. मग वडील मंडळी हमखास म्हणतात, “जुनी क्रमिक पुस्तके चाळून काय मिळणार? इतिहासाचे एक वेळ ठीक आहे. गणिताला कसला आला इतिहास? दोन आणि दोन काल चार होते, आजही चारच आहेत!”

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. माझ्या मते तो चुकीचा आहे आणि घातकही. माझी सारी नोकरी जर्मनीतल्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून झाली, तेव्हा पुरावाही इथलाच देते.

दोन आणि दोन चार, कबूल. पण दोन काय? आंबे, आणे की माणसे? उदाहरणात काय मोजायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी तोंडपाठ असे, कारण त्यांचा रुपया १६ आण्यांचा होता. १९५७ साली रुपयाचे १०० पैसे झाले आणि ते पाढे हळूहळू मागे पडले. यात कोणाचे काही बिघडले नाही. पण बाहेरचे जग ज्या वाटेने गणितात शिरते, त्याच वाटेने विषही शिरते.

१९३५ च्या सुमारास आडॉल्फ डॉर्नर यांनी जर्मन शिक्षकांसाठी गणिताचा एक उदाहरणसंग्रह संपादित केला. त्यातल्या एका उदाहरणाचा आशय असा : मनोरुग्णालय बांधायला ६० लाख मार्क लागले, १५ हजारांना एक याप्रमाणे तेवढ्या पैशात किती घरे झाली असती? उत्तर ४००. अगदी बरोबर! दुसऱ्या एका उदाहरणात मनोरुग्णांचा आणि अपंगांचा रोजचा खर्च दिला होता. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, निव्वळ आकडेमोड.

त्या वेळी १४ वर्षांची असलेली मुलगी १९४१ साली २० वर्षांची झाली. त्याच वर्षी हादामार येथील संस्थेत १० हजारांवर रुग्ण विषारी वायूने मारले गेले. पुढे १९४५ पर्यंत तिथल्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी औषधांच्या अतिमात्रा देऊन आणि उपाशी ठेवून आणखी हजारोंचे प्राण घेतले. मात्रा काढायला त्रैराशिक लागते. ते त्यांना उत्तम येत होते.

ऑस्ट्रियातील हार्टहाइम येथेही असेच हत्याकेंद्र होते. १९४५ साली तिथे हिशेबाचे कागद सापडले. ७०,२७३ माणसे मारल्यामुळे १० वर्षांत किती अन्न वाचेल, याची किंमत त्यांत काढली होती : १४ कोटी मार्कांहून अधिक. वर्गातले उदाहरण कोणीतरी प्रत्यक्षात सोडवले होते.

पुस्तकाने माणसे मारली, असे मी म्हणत नाही. पण रोग्याकडे खर्चाची रक्कम म्हणून पाहण्याची सवय वर्गात लावली जात होती, आणि तीही अशा विषयात, जिथे कोणी संशय घेत नाही.

युद्धानंतर गेओर्ग एकर्ट यांनी १९५१ साली ब्राउनश्वाइग येथे शालेय पुस्तके तपासणारी संस्था काढली. १९७२ साली जर्मन-पोलिश आयोग बसला, १९८५ साली जर्मन-इस्राएली शिफारशी निघाल्या. मोठे काम! पण या आयोगांचे लक्ष मुख्यतः इतिहास-भूगोलावर राहिले. पहारा इतिहासाच्या दाराशी, आणि चोर येऊन गेला गणिताच्या खिडकीतून!

आपणही आत्मपरीक्षण करू या. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत काढलेली शाळा पुढे सर एली कदूरी शाळा झाली. तिचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण तिथे हिब्रू कशी शिकवीत, गणितात कसली उदाहरणे घालीत, हे किती घरांत सांगता येईल? स्थलांतराच्या वेळी भांडी बांधून आणली. पाटी-पुस्तके मात्र रद्दीत गेली.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. प्रत्येक शिक्षकाला आणि प्रत्येक परिचारिकेला आपला विषय पूर्वी कसा शिकवला गेला, हे शिकवलेच पाहिजे. रुग्णालयात खर्चाचा हिशेब लागतो, तो जरूर शिकवा. पण त्याआधी ते ४०० घरांचे उदाहरण फळ्यावर लिहा. आणि वाचकहो, आज नातवंडांचे गणिताचे पुस्तक हाती घ्या. उत्तरे बरोबर आहेत की नाहीत, ते मास्तर पाहतील. त्यात कोणाची किंमत काढली आहे, ते आपण पाहायचे.