पिल्लाचे कान कापताना आपण कुणाचा विचार करतो?

डॉबरमन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळंभोर चकचकीत अंग आणि भाल्याच्या टोकासारखे ताठ कान. आता एक गोष्ट सांगतो, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. डॉबरमन ताठ कान घेऊन जन्माला येतच नाही. त्याचे कान लॅब्राडोरसारखे खाली पडलेले असतात. ग्रेट डेन आणि बॉक्सर यांचंही तसंच. फोटोत दिसणारे ते कान पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना कापलेले असतात आणि पुढे कित्येक आठवडे, कधी काही महिने, पट्ट्या बांधून उभे केलेले असतात.

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्यांचे आजार हा पशुवैद्यकांचा प्रांत आणि त्यात मी लुडबूड करणार नाही. पण हा विषय माझ्या ओपीडीत वेगळ्या दाराने आत येतो, म्हणून आज त्यावर लिहितो आहे.

पेणपासून रोह्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता फार्महाऊस दिसतात. मालक मुंबईत असतात, शनिवार-रविवारी येतात. राखणीला जातिवंत कुत्रं आणि त्या कुत्र्याची देखभाल करायला गावातला माणूस, अशी सर्वसाधारण व्यवस्था. गागोदे बुद्रुकच्या बाजूला अशाच एका जागेवर काम करणारा तरुण खोकल्यासाठी माझ्याकडे आला होता. नाडी बघताना त्याच्या अंगठ्यावर दातांच्या दोन खुणा दिसल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही डॉक्टर, पिल्लू चावलं. कानाची पट्टी बदलत होतो ना. दोन महिन्यांचंच आहे हो, ते कुठलं पिसाळतंय?"

चावून चार दिवस झाले होते आणि एकही इंजेक्शन घेतलेलं नव्हतं. त्याच दिवशी त्याची लस सुरू झाली, त्याने सगळे डोस पूर्ण केले आणि तो ठणठणीत आहे. पण त्याचं ते वाक्य नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक गैरसमज आणि एक अन्याय.

गैरसमज : लहान पिल्लाला रेबीज होत नाही

होतो. रेबीजचा विषाणू कुत्र्याचं वय बघत नाही. पिल्लाच्या आईला किंवा त्यालाच एखाद्या रेबीज झालेल्या जनावराने चावा घेतला असेल, तर दोन महिन्यांचं पिल्लूही हा आजार देऊ शकतं. उलट लहान पिल्लाबाबत जास्त सावध राहायला हवं, कारण कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. कान कापतात ते सात ते बारा आठवड्यांच्या वयात. म्हणजे ज्या काळात पिल्लाचे कान दुखरे असतात, पट्टी बदलताना ते कळवळून चावण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, नेमक्या त्याच काळात त्याला लस मिळालेली नसते.

म्हणून लक्षात ठेवा. पिल्लाचा दात लागून नुसतं खरचटलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तेल, तिखट काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. लस ठरलेल्या दिवशी पूर्ण घ्यायची, आणि रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं, तेही टाळायचं नाही. "दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवू, मग बघू" असं म्हणत बसू नका. नजर ठेवा, पण लस सुरू करून ठेवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचवणं जवळजवळ अशक्य असतं.

अन्याय : हौस एकाची, चावा दुसऱ्याला

ताठ कानांची हौस मालकाची. दुखणं पिल्लाचं. आणि चावा पट्टी बदलणाऱ्या गड्याला. या तिघांपैकी दोघांना कुणी विचारलेलंच नसतं.

कान कापणं म्हणजे नेमकं काय?

स्वतःचा कान दोन बोटांत धरून दुमडून पाहा. तो वाकतो आणि सोडल्यावर परत जागेवर येतो. आत हाड नाही, लवचिक कूर्चा आहे. तिच्या दोन्ही अंगांना त्वचा, आणि त्वचेत रक्तवाहिन्या व संवेदना नेणाऱ्या नसांचं दाट जाळं. कुत्र्याच्या कानाची रचना मूलतः हीच. कान कापताना पिल्लाला भूल देऊन कानाच्या पाळीचा मोठा भाग, अनेकदा अर्ध्याच्या आसपास, कापून काढतात आणि उघडी कड शिवतात. मग उरलेला कान आधाराला बांधून ताठ ठेवतात. दर काही दिवसांनी पट्टी सोडायची, जखम बघायची, परत बांधायची. पट्टी ओली झाली, घट्ट झाली किंवा जखमेत जंतू शिरले की दुखणं वाढतं. कोकणातल्या पावसाळ्यात पट्टी कोरडी ठेवणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

इतक्या लहान पिल्लाला भूल देण्यातही धोका असतो. त्याच्या रक्तातली साखर चटकन उतरते, अंग गार पडतं. आजार असेल तर हा धोका पत्करावाच लागतो. इथे आजार कुठला आहे?

"पण कान कापले की इन्फेक्शन होत नाही म्हणे"

हे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं, म्हणून ते तपासू. कानातलं इन्फेक्शन बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी, कानात राहिलेलं पाणी, गोचीड-पिसवांसारखे परजीवी किंवा मळ यांमुळे होतं. लोंबत्या, केसाळ कानांचा त्रास सगळ्यात जास्त कॉकर स्पॅनियलसारख्या जातींना होतो. त्यांचे कान मात्र कुणी कापत नाही. तो उपाय खरा असता तर आधी त्यांच्यावर केला असता. कान कापल्याने इन्फेक्शन टळतं असा भक्कम पुरावा नाही, हे अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेचंही म्हणणं आहे.

दुसरं कारण सांगतात ते राखणीचं. चोराने कान धरू नयेत म्हणून. पूर्वी कुत्र्यांच्या झुंजी लावत, रानडुकरांच्या शिकारीला कुत्रे सोडत, तेव्हा या युक्तिवादात थोडं तथ्य असेल. पण फार्महाऊसच्या फाटकाशी भुंकणाऱ्या कुत्र्याचं काम भुंकण्याने होतं, कानाच्या आकाराने नाही.

कापाकापीला वैद्यकीय कारण चिकटवण्याची ही सवय फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की पिल्लाच्या शेपटीचं टोक चाळिसाव्या दिवशी तोडलं तर ते पिसाळत नाही. आज आपल्याला माहीत आहे की रेबीज विषाणूमुळे होतो आणि त्याला अडवते ती लस. शेपटीचं ते कारण खोटं ठरलं, तरी शेपूट तोडणं काही थांबलं नाही. आधी रूढी असते, कारण मागाहून शोधलं जातं.

जर्मन शेफर्डचे कान आणि कॅल्शियम

हा त्याचाच सौम्य प्रकार. जर्मन शेफर्डचे कान आपोआप उभे राहतात, साधारण पाच-सहा महिन्यांपर्यंत. दात येण्याच्या काळात उभा राहिलेला कान परत पडतोही. मालक घाबरतो, कुणीतरी सांगतं, "कॅल्शियम द्या, कान उभे राहतील." मग बाटल्याच्या बाटल्या रिचवल्या जातात.

कॅल्शियम हाडं टणक करतं. कानात हाड नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नीट आवरता येत नाही, त्यामुळे हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडू शकते. कान उभे करण्याच्या नादात पाय बिघडवून ठेवणं हा कुठला शहाणपणा? चिकटपट्टीचंही तसंच. घट्ट बसली तर रक्तपुरवठा अडतो, आत ओल साचून कातडी सोलवटते. पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका. आणि समजा कान नाहीच उभा राहिला, तर काय बिघडलं? प्रदर्शनातलं एखादं बक्षीस जाईल. कुत्र्याचं काही जात नाही.

"आपण बाळाचे कान टोचतोच की!"

प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देणार नाही. कान टोचताना पाळीच्या मऊ भागाला, जिथे कूर्चा नसते, एक बारीक भोक पडतं. शरीराचा कुठलाही भाग जात नाही, आणि दागिना काढून ठेवला तर भोक बहुधा बुजतं. कापलेला कान परत येत नाही. तरीही हा प्रश्न मनात ठेवाच. बाळाचे कान टोचणार असाल तर निर्जंतुक सुईने, फक्त मऊ पाळीला आणि धनुर्वाताची लस झाल्यावर टोचा.

नवजात बाळाचा दुमडलेला कानही आपण सरळ करतो. आईच्या संप्रेरकांमुळे जन्मानंतरचे काही आठवडे कूर्चा मऊ असते, त्या काळात मऊ साचा लावून कानाला आकार देता येतो. त्यात कापाकापी नाही. कान फार पुढे आलेले असतील तर शस्त्रक्रियाही होते, पण ती मूल पाच-सहा वर्षांचं झाल्यावर, त्याला चिडवलं जातंय आणि त्याला स्वतःला ते खुपतंय म्हणून. फरक इथे आहे. फायदा ज्याच्या कानावर सुरी चालते त्याचा असतो.

तुमच्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिसते, तीही वेगळी. नसबंदी झाल्याची ती खूण असते. त्याच भुलेत केलेली, आणि तेच कुत्रं परत पकडून त्याचं पोट पुन्हा फाडलं जाऊ नये म्हणून.

जगाने काय केलं, आपण काय करतो

ब्रिटनमधल्या केनेल क्लबने नियम केला की ३१ मार्च १८९५ नंतर जन्मलेल्या कुत्र्याचे कान कापलेले असतील तर त्याला प्रदर्शनात बक्षीस मिळणार नाही. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला आपल्या गागोद्यात विनोबांचा जन्म झाला. म्हणजे ही चर्चा आजची नाही, सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. डॉबरमन ही जात ज्या जर्मनीत तयार झाली, तिथे कान कापायला १९८७ पासून बंदी आहे. तिथले डॉबरमन पडक्या कानांनी राखण करतात आणि त्यांचं डॉबरमनपण कुठे कमी झालेलं नाही.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं गुन्हा मानला आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरवलेला दंड आहे १० ते ५० रुपये. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये पशुवैद्यकांना कान कापणं आणि शेपूट तोडणं थांबवायला सांगितलं, त्यावर पुढे न्यायालयात वादही झाले. कायदा काय ते ठरवेल. पण पन्नास रुपयांच्या दंडाला भिऊन कुणी थांबेल असं मला वाटत नाही. मागणी थांबली तरच हे थांबेल, आणि मागणी करणारे आपणच आहोत.

माझं मत

शरीराला सुरी लावण्याआधी डॉक्टरने तीन प्रश्न विचारायचे असतात. आजार आहे का? फायदा कुणाला? आणि नाही केलं तर काय बिघडेल? पिल्लाच्या कानांबाबत तिन्ही उत्तरं तुम्हाला आता माहीत आहेत. कानाला खरोखर इजा झाली, आत रक्त साचलं, गाठ झाली, तर शस्त्रक्रिया जरूर करावी. ते उपचार आहेत. दिसण्यासाठी कापणं हे उपचार नव्हेत.

शिवाय कुत्रं कानांनी बोलतं. कान मागे घेतले म्हणजे ते घाबरलंय, पुढे आणले म्हणजे सावध झालंय. घरातली लहान मुलं हे बघून शिकतात, कधी जवळ जायचं आणि कधी नाही. कान छाटले की ती भाषाही अर्धी होते. चावे टाळायचे असतील तर ती पूर्ण असलेली बरी.

आपल्या पेणमध्ये कारागीर शाडूच्या गणपतीचे कान बोटांनी हवे तसे वळवतात. हात किती हलका, नजर किती पक्की! पण ती ओली माती असते, तिला दुखत नाही. आकार देण्याची हौस तिथे शोभते.

तुम्ही पिल्लू घेणार असाल तर एवढं करा. विकणाऱ्याला आधीच सांगा की कान आणि शेपूट आहे तशी हवी, कापलेलं पिल्लू घेणार नाही. पैसे देण्याआधी सांगा, नंतर नाही. लसीकरणाचं कार्ड मागा. पिल्लाची देखभाल दुसरं कुणी करणार असेल तर त्या माणसाला चावल्यावर काय करायचं ते समजावून सांगा आणि त्याच्या इंजेक्शनचा खर्च, दवाखान्यात जायची सुट्टी तुमच्याकडून द्या. आणि घरी आधीच कापलेल्या कानांचं कुत्रं असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. त्याला जीव लावा, त्याच्या लसी वेळेवर द्या. फक्त पुढचं पिल्लू आणाल तेव्हा त्याचे कान त्याच्याकडेच राहू द्या.