नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक चालू होती. मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "ताई, तुमीच म्हणलं होतं ना, नॉमिनी त्याचा हाय, आता काई होत नाई?" सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. ती खरंच बोलत होती. मीच तसं सांगितलं होतं.

तिचा नवरा कर्जापायी विष पिऊन गेला. लग्नाआधी त्यानं विम्याची पॉलिसी काढली होती आणि तीवर थोरल्या भावाचं नाव लावलं होतं. एजंट ओळखीतला. दरवर्षी हप्त्यासाठी यायचा, तिच्या हातचा चहा प्यायचा. लग्न झालं, दोन मुली झाल्या, पण नाव बदलायचं का, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि नवऱ्यालाही सुचलं नाही. रक्कम दिराच्या हातात गेली. आणि मी, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, ऐकीव माहितीवर तिला गप्प बसवलं.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच सरबती देवी खटल्यात सांगितलं होतं की विम्याचा नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा असतो, पैसा वारसांचाच. २०१५ साली विमा कायदा बदलला. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांनाच रकमेचं हक्कदार मानावं, असं त्यात आलं. भाऊ त्या यादीत नाही. म्हणजे दिराकडून तिला हिशेब मागता आला असता. मला हे कळलं तोवर पैसे संपले होते.

या दुरुस्तीला दुसरी बाजूही आहे. लग्नाआधीच्या पॉलिसीवर सासऱ्याचं नाव राहून गेलं असेल तर सुनेचं काम अवघड होतं. न्यायालयांचे निकालही याबाबत एकमुखी नाहीत. म्हणून लग्नानंतर पहिलं काम नाव बदलण्याचं. शेअर्सच्या बाबतीत तर डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. चार नावं लागली म्हणून चार मालक झाले, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

माझा खरा राग सल्ला देणाऱ्यांवर आहे. एजंट, बँकेतला साहेब, हल्ली फंडाचे फॉर्म भरून घेणारे तरुण, सगळे घरात येतात ते पुरुषाशी बोलायला. बाई चहा आणते. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आजही लागू आहे. नवऱ्यानं पॉलिसी काढतानाच त्या कायद्याखाली बायको आणि मुलांच्या नावे केली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी राखीव ठेव बनते आणि नवऱ्याचे सावकारही तिला हात लावू शकत नाहीत. कापूस आणि कर्ज यांच्यावर चालणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात हे प्रत्येक घरात सांगायला हवं होतं. मी आजवर एकाही एजंटाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता जमिनीचं. बहुतेक विधवा माझ्याकडे येतात तेव्हा सातबारा सासऱ्याच्या नावावर असतो. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा हिस्सा तिच्याकडे, मुलांकडे आणि सासूकडे येतो. सासऱ्याची स्वतःची कमाई असेल तर तो मृत्युपत्र करून तिला वगळूही शकतो. नोंद नवऱ्याच्या नावावर असेल तर मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची असते. (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र तलाठीच.) पण त्या तीन महिन्यांत बाई कोपऱ्यात बसलेली असते आणि फेरफाराचे कागद दीर फिरवत असतो. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हेही तिला कुणी सांगत नाही.

मुलींची गोष्ट वेगळी नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली, आणि २०२० च्या निकालानं वडील तेव्हा हयात असण्याची अटही गेली. तरी हक्कसोड पत्रावर सह्या होतातच. माहेर तुटेल या भीतीला मी हसत नाही. उद्या सासरनं हाकललं तर ती जाणार कुठे? पण सही आधी आणि वाचन नंतर, हा प्रकार तरी थांबवता येईल.

कोलाम, गोंड बायांना तर हिंदू वारसा कायदा लागूच नाही. झरी जामणी, मारेगावकडे काम करताना आपण २००५ चा कायदा सांगतो आणि त्यांची फसगत करतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. तो आधार आहे, पण कायदा अजून बदललेला नाही.

शेतकरी संघटनेनं १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा नवऱ्यांनी हयातीत बायकांच्या नावे जमीन केली होती. मरणानंतर भांडण्यापेक्षा ते सोपं होतं. आज कुणाला म्हटलं तर उत्तर येतं, "मरणाच्या गोष्टी कायले काढता, ताई?" मृत्युपत्र हे पैसेवाल्यांचं काम, असाही समज आहे. साधा कागद, लिहिणाऱ्याची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढंच लागतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नये.

त्या बैठकीत मी सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली. बाई काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात मात्र प्रत्येकीनं घरातली पॉलिसी, पासबुक, सातबारा पिशवीत घालून आणायचं ठरलं. अकरा जणी आल्या. सात पॉलिसींवर सासू, सासरा नाही तर दीर. एका पॉलिसीवर ज्याचं नाव होतं तो माणूस चार वर्षांपूर्वीच वारला होता. माझी स्वतःची पॉलिसीही त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. लग्नाला नऊ वर्षं झाली, नाव अजून बाबांचंच.