पट्टी नायलॉनची, गाठ मात्र जुनीच

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात भाचीच्या बाळाच्या बारशाला गेले होते. आदल्या दिवशी पाळणा टांगायचं काम जावईबापूंकडे होतं. त्यांनी माडीच्या तुळईला दोन नायलॉनच्या पट्ट्या आवळल्या (बॅग खांद्याला लावायचा पट्टा असतो ना, तसल्याच, दोन बोटं रुंद) आणि त्यांच्या लोंबत्या टोकांना पाळण्याच्या दोऱ्या बांधल्या. गाठ कोणती? तर गाय खुंट्याला बांधतात ती, दोन वेढ्यांची. "मावशी, बघा, कशी घट्ट बसलीय!" म्हणाले.

भाचीच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्यांनी बाळाला काही हात लावू दिला नाही. "आधी तांदूळ निजवा," म्हणाल्या. १० किलोची पिशवी पाळण्यात ठेवली, दहा-पंधरा झोके दिले, आणि पाळण्याची डोक्याकडची बाजू वीतभर खाली आली! गंमत म्हणजे गाठ सुटली नव्हतीच. होती तशीच पट्टीवरून घसरत आली होती. आणखी वीतभर गेली असती तर पट्टीच संपत होती.

मला त्यात जावईबापूंची चूक फारशी वाटत नाही. आपल्या हाताला असलेल्या गाठी या सुताच्या आणि काथ्याच्या. त्या दोऱ्यांना लव असते, ती एकमेकींत रुतते, म्हणून कशीही बांधली तरी गाठ धरते. नायलॉन आलं १९३५ साली, अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून. ते गुळगुळीत. शिवाय खुंटा गोल असतो, दबत नाही. पट्टी पडली सपाट. वेढा आवळला की ती चुरगळते, दोरीला धरायला काही उरत नाही. तेव्हा लोंबत्या पट्टीभोवती नुसते वेढे देऊन वजन कधीही टांगू नका. वेढे दोनाचे चार केले तरी नाही.

मग करायचं काय? आधी पट्टीच्या टोकाला फासा करून घ्यायचा. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून जाड नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून घेतलात तर फारच छान. (घरच्या मशीनवर नको गं बाई, सुई तरी मोडेल नाहीतर टाका तरी कच्चा राहील.) तेवढा वेळ नसेल तर पट्टीचं टोक हातभर दुमडा आणि त्या दुहेरी पट्टीचीच एक साधी गाठ मारा. खाली फासा उरतो. मात्र गाठीत पट्टीला पीळ पडू देऊ नका. पदर पदरावर सपाट बसला पाहिजे. मग लोंबकळून गाठ आवळा आणि मोकळं टोक निदान चार बोटं शिल्लक ठेवा. आम्ही त्या दिवशी असंच केलं.

आता दोरी. मॅक्रम केलेल्या मैत्रिणींना ही गाठ सांगायलाच नको. दोरी मध्यावर दुमडायची, तो दुमडलेला भाग फाशातून पलीकडे काढायचा आणि त्यातून दोन्ही टोकं ओढून घ्यायची. पाळण्याला ही फार सोयीची, कारण दोन टोकं पाळण्याच्या दोन कोपऱ्यांना जातात आणि भार दोन्हींवर पडतो. तो दोन्हींवरच पडला पाहिजे हं. एकाच टोकावर ओढ आली तर हीसुद्धा सरकते. एकेरी दोरी बांधायची असेल तर फाशातून दोन पूर्ण वेढे घ्या आणि मग ताणलेल्या दोरीभोवती एकापाठोपाठ एक अशा दोन अर्ध्या गाठी मारा. नायलॉनला मी तीन मारते.

आणखी एक गाठ पुष्कळजणी सुचवतील, ती विणकरांची. माग चालू असताना तुटलेला धागा विणकर जिनं जोडतात, तीच. इथं पट्टीचं टोक दुमडून धरायचं आणि दोरी त्यातून वर काढून, मागून वेढा देऊन स्वतःच्याच खाली खोचायची. वेढे दोन घेतले तर अधिक बरं. दुमडायची ती पट्टी, फिरवायची ती दोरी, याची उलटापालट केलीत तर घसरलंच म्हणून समजा. वळकटी आवळायला किंवा कपड्यांच्या दोरीला ही झकास. पाळण्याला मात्र नको. ओढ सारखी येत-जात राहिली की ती हळूहळू ढिली होते.

आणि दोरी फाशातून नुसती ओवून सोडू नका. झोक्यागणिक ती एकाच जागी घासते, नायलॉनवर नायलॉन घासून तापतं आणि साधारण २२० ते २६० अंशांना ते वितळतं. मॅक्रमची गाठ आवळून बसते, म्हणून घासत नाही. दोरीच खालीवर ओढायची असेल तर मध्ये लोखंडी कडी घाला.

टोकं मेणबत्तीवर जराशी वितळवा म्हणजे उसवत नाहीत, आणि ती पाळण्यात लोंबू देऊ नका, बाळाच्या गळ्याशी दोरी नको. गाठी दर दोन-चार दिवसांनी पाहत जा.

दुसऱ्या दिवशी तांदूळ पुन्हा तासभर झुलले, तेव्हा कुठे बाळाची पाळी आली.