अठरा वर्षे पूर्ण झाली, आता जा!

वर्धा जिल्हा म्हटला की सेवाग्राम, पवनार आणि दत्तपूरचे १९३६ चे कुष्ठधाम. हा सेवेचा जिल्हा, असे सांगितले जाते. पण ज्या मजुराच्या घरात मतिमंद मूल आहे, त्याला विचारा, तुझ्यामागे याला कोण बघणार? तो मान खाली घालतो.

वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातील वझ्झर गावी (ता. अचलपूर) या प्रश्नाला एका माणसाने उत्तर दिले. अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर बालगृहात शंकरबाबा पापळकर गेली तीन दशके बेवारस दिव्यांग मुले सांभाळीत आहेत. रेल्वे स्थानकावर, उकिरड्यावर टाकून दिलेली ही लेकरे. शंभराहून अधिक मुलांच्या आधार कार्डावर बापाच्या जागी त्यांचे नाव आहे. ज्या देशात बापाच्या नावावरून जात हुंगली जाते, तेथे ही गोष्ट लहान नाही. शंकरबाबा गाडगेबाबांना मानणारे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करणारे ते हेच गाडगेबाबा.

खरा पेच कायद्यात आहे. बालन्याय कायद्याने अठरा वर्षे पूर्ण होताच मूल 'बालक' राहत नाही, त्याला बालगृह सोडावे लागते. पुढे अनुरक्षणाची सोय, तीही साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत. धडधाकट पोराचे ठीक. पण ज्याला तिशीतही स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, त्याने कुठे जायचे? अशा मुलांना आजन्म त्याच घरात राहू द्या, तसा कायदा करा, ही शंकरबाबांची वर्षानुवर्षांची मागणी. २०२४ साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. सत्कार करायला सरकारला खर्च येत नाही!

मतिमंद मूल म्हणजे पूर्वजन्मीचे पाप, असे अजूनही गावोगाव म्हणतात. ही थिअरी आपल्या ओळखीची आहे. याच पूर्वकर्माच्या नावाने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले होते. म्हणून 'सेवा' आणि 'दया' हे शब्द ऐकले की आम्ही सावध होतो. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात कलम ४१ आहे. म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता असताना सरकारी साहाय्याच्या हक्काची तरतूद करणे हे त्यात राज्याचे काम म्हटले आहे. ऐपतीप्रमाणे, अशी मेख आहे खरी. पण ऐपत कुणासाठी असते आणि कुणासाठी नसते, हे वाचकांना सांगायला नको.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद केली आहे. जिल्हाधिकारी तिच्यात असतात, आणि प्रौढ मतिमंदाला कायदेशीर पालक नेमून देणे हे तिचे काम. आपल्या किती वस्त्यांना हे माहीत आहे? वर्ध्यातील कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे की ही समिती शेवटची कधी बसली, किती अर्ज आले, आणि त्यांत आर्वी, कारंजा, आष्टीच्या वस्त्यांतले किती होते.