विश्लेषण : गाडी ‘फोर बाय फोर’, पण ब्रेक चारच!

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या रांजणगावात जीप कंपास २०१७ पासून तयार होते. एमआयडीसीतल्या फियाट-टाटा मोटर्स भागीदारीच्या या कारखान्यातून तिचे फोर बाय फोर मॉडेलही बाहेर पडते. ‘फोर बाय फोर घेतली की पावसाची चिंता नाही’, असे मानणारे अनेक आहेत. हा समज महागात पडू शकतो.

ऑल-व्हील ड्राइव्ह काय करते?

इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटते. कंपास फोर बाय फोर एरवी पुढच्या चाकांवर चालते आणि गरज पडताच मागच्या चाकांनाही ताकद मिळते. ओढण्याचे काम विभागल्याने प्रत्येक टायरवरचा भार कमी होतो. भिजलेल्या काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर तिचा खरा उपयोग दिसतो.

ट्रॅक्शन कंट्रोल कशासाठी?

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. त्यासाठी दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतो. त्याची अडचण अशी, की एक चाक चिखलात गेले तर तेच गरगर फिरते आणि कोरड्या जागेवरचे दुसरे चाक ढिम्म राहते. सेन्सरला हे कळताच ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, इंजिनाची ताकद कमी करते आणि दुसऱ्या चाकाला जोर मिळतो.

मग वळणावर कोण सावरते?

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजेच ईएससी. स्टिअरिंग कुठे वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, याची ते सतत तुलना करते. मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर मुख्यतः पुढच्या बाहेरील चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते. हे तंत्र १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमधून रस्त्यावर आले.

फोर बाय फोर कुठे कमी पडते?

थांबताना. ब्रेक प्रत्येक कारच्या चारही चाकांना असतात, त्यामुळे तिथे फोर बाय फोरचा वेगळा फायदा नाही. उलट निसरड्या रस्त्यावर ती सहज वेग घेते आणि चालकाला निसरडेपणा जाणवतच नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागून रस्त्यावर पडलेला चिखल पहिल्या पावसात भिजला, की हाच भ्रम घात करतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग असेल, तर ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर सुमारे पावणेदोन पट होते. झिजलेल्या टायरची पकड कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

ग्राहकाने काय मागावे?

चिखलातून रोज जायचे नसेल, तर फोर बाय फोरच्या आधी ईएससी आणि चांगले टायर. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून, तर युरोपात २०१४ पासून नव्या कारमध्ये ईएससी बंधनकारक आहे. आपल्याकडे एबीएस २०१९ पासून सक्तीचे झाले. भारत एनकॅपमध्ये तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ईएससी लागते, पण ही चाचणी ऐच्छिक आहे. सुरक्षितता महागड्या व्हेरियंटपुरती ठेवणे योग्य नाही. सर्वांत स्वस्त व्हेरियंटमध्येही ईएससी असलेच पाहिजे. शोरूममध्ये सनरूफच्या आधी तेच विचारा.